जशी आहे तशी

व्हॅनच्या सगळ्या दारांची कुलपं एकदम पडली, खट्, आणि काकूंच्या हातातलं ओलं फडकं बोनेटवरच राहिलं.

आधी त्यांना वाटलं, ठकीनेच काहीतरी दाबलं असणार. सहा वर्षांची पोर सकाळपासून मधल्या सीटवर बसून शाळा-शाळा खेळत होती. कधी पुढच्या सीटवरची शहाणी मुलं व्हायची, कधी मागची वांड, आणि मधूनच आपल्या आईचा आवाज काढून सगळ्यांना दम भरायची, "ए, हात आत! कितीदा सांगायचं?" तिला गाणी ऐकायची होती म्हणून चावी लावून ठेवली होती. पाणी आत जाऊ नये म्हणून काचा वर केल्या होत्या. दुसरी चावी गाडीबरोबर आलीच नव्हती.

"ठके, दार उघड."

ठकी आतून हसली. तिला हा खेळातलाच भाग वाटला.

"ठके, मस्करी पुरे हं. तो काळा खुंटा वर ओढ बघू."

ठकीने ओढला. मग दोन्ही हातांनी ओढला. खुंटा जागचा हलेना. काकूंनी बाहेरून हँडल खेचलं, पलीकडे जाऊन तिकडचं खेचलं, मागचं दार हाताने बडवलं. काचेचं बटण दाबायला सांगितलं, तेही पोरीने दाबलं, काच ढिम्म. आणि तेव्हा काकूंच्या लक्षात आलं की मघापासून गाणंही बंद आहे.

भर दुपार होती. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नवरा छापखान्यात, शेजारच्यांच्या दाराला कुलूप. ठकीचं हसू कधी गेलं ते कळलंच नाही. ती आता रडत होती, पण आवाज बाहेर येत नव्हता, नुसतं उघडं तोंड दिसत होतं. काचेवर तिच्या श्वासाचा धुरकट डाग उमटायचा, पुसला जायचा, पुन्हा उमटायचा.

हँडब्रेकवर भरवसा नको म्हणून काकूंनी मागच्या चाकाला वीट लावली होती. ती त्यांनी उचलली.

"सरक! तिकडे सरक, ठके, काच फोडते!"

पोर सरकायच्या ऐवजी आणखी पुढे आली आणि आई जिथे होती तिथेच तिने काचेला गाल लावला. काकूंचा वीट धरलेला हात वरच राहिला. अंगात दहा हत्तींचं बळ आलेलं आणि त्याचं करायचं काय, ते कळत नव्हतं. "सरक गं, बाई माझी, सरक," त्या म्हणत राहिल्या.

खट्.

कुलपं उघडली. कुणी काही केलं नव्हतं. ना आतून, ना बाहेरून. गाणं मध्येच तोडलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

ठकीला छातीशी धरून काकू किती वेळ पायरीवर बसून होत्या कोण जाणे. पोर घामाने निथळत होती. शेवटी गाणं बंद करायला म्हणून त्या उठल्या, तर मधल्या सीटवर पट्टा अस्ताव्यस्त पडलेला दिसला. ठकीने खेळता खेळता तो पार शेवटापर्यंत ओढून काढला होता आणि तो परत आत गेलाच नव्हता. अर्धा पट्टा काळा कुळकुळीत, आणि तिथून पुढे सरळ रेघ मारल्यासारखा मातकट. काकूंनी नखाने खरवडलं. वाळलेल्या गाळाची खपली त्यांच्या तळहातावर पडली.

*

"ही भिजलेली नाही काकू, बुडालेली आहे," मेकॅनिक म्हणाला. त्याने सीटखालचा गालिचा उचकटून त्याखाली हात घातला होता. "पुरात असेल नाहीतर कुठे. वरून धुऊन पुसून काढलीय झकास. हे बघा."

त्याने दाखवलेल्या, गाळाने माखलेल्या हाताकडे काकूंनी बघितलं नाही. "नीट होईल का ते सांग."

"कुलपाची तार बदलतो. थांबेल. पण थांबेल म्हणजे गेलं असं नाही. पाणी सगळ्या वायरिंगमधून फिरलंय. आज कुलूप पडलं, उद्या चालत्या गाडीत काय बंद पडेल, मी कशाला छातीठोक सांगू?" आणि मग गालिचा परत बसवत तो म्हणाला, "तुम्ही मुलं बसवता म्हणून म्हणतो."

मुलं बसवता म्हणून. दुसरं काय करत होत्या काकू? वय काही काकू म्हणवून घ्यायचं नव्हतं. पण लोकांची मुलं घरून शाळेत आणि शाळेतून घरी सोडायला लागल्यापासून त्या सगळ्या गावाच्या व्हॅनकाकू झाल्या होत्या, आणि मुलांच्या आया स्वतः त्यांच्यापेक्षा मोठ्या असल्या तरी त्यांना काकूच म्हणत. जुनी व्हॅन यंदा भंगारात गेली. शाळा उघडायच्या आत दुसरी उभी करायची होती, नाहीतर मुलं दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीत बसणार. एकदा बसली की परत येत नाहीत.

म्हणून तो ऑनलाइन लिलाव. दुकानात हीच गाडी दीडपट भावाने मिळाली असती. इथे घरबसल्या फोटो बघायचे, बोली लावायची, जिंकली की गाडी दारात. फोटोत व्हॅन अशी चमकत होती की काकूंनी स्वयंपाक करता करता फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि दर थोड्या वेळाने हात पुसून तिच्याकडे बघितलं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे.' ते तर सगळ्याच गाड्यांखाली लिहिलेलं होतं.

शेवटच्या काही मिनिटांत बाकीचे गळाले आणि एकटा 'बोलीदार दोन' उरला. विकत घेणाऱ्यांना एकमेकांची नावं दिसत नाहीत, नुसते आकडे. काकूंनी बोली वाढवली की तो वाढवायचा. त्यांनी पुन्हा वाढवली की तोही पुन्हा.

"सोडत नाहीये हो," काकू नवऱ्याला म्हणाल्या.

"म्हणजे माल चोख असणार. तू पण सोडू नकोस," नवरा म्हणाला. त्याला स्वतःला बोली लावायची छाती नव्हती, पण मागे उभं राहून हुरूप द्यायला तो पटाईत.

काकूंनाही तेच वाटलं होतं. समोरचा एवढा मागे लागलाय तर उगाच का? त्यांनी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं पणाला लावलं आणि गाडी जिंकली. शाळेच्या गेटवर दुसरे व्हॅनवाले मास्तर, त्यांच्या व्हॅनशेजारी आपली नवी व्हॅन उभी करायची, त्यांनी चष्मा वर करून बघायचं आणि म्हणायचं, "अरे वा, काकूंचं विमान आलं!" एवढंच त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

दुसऱ्या दिवशी फोन आला होता. विकणाऱ्याला जिंकणाऱ्याचा नंबर मिळतो. बाईचा आवाज होता.

"गाडी तुम्ही घेतलीत ना?"

"हो. का?"

"घरच्यासाठी घेतलीत?"

काकू सावध झाल्या. स्वस्तात गेली असं वाटून बाई आता फाटे फोडणार, हे त्यांनी ताडलं. "हे बघा, आता मागे फिरता येणार नाही. नियम आहे," त्यांनी ठणकावून सांगितलं.

"नाही, तसं नाही," बाई म्हणाली. "खिडकी तेवढी थोडी उघडी ठेवत जा."

"का?"

"अशीच. हवा राहते."

त्या रात्री जेवताना काकूंनी हा किस्सा नवऱ्याला रंगवून सांगितला होता. "गाडी विकली आणि आता हवेची काळजी करतेय बया," म्हणून दोघं पोट धरून हसले होते.

मेकॅनिककडून परतल्यावर काकूंनी तो नंबर शोधून फिरवला. घंटा वाजत राहिली. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. मग लिलावाच्या कंपनीला लावला. तिथल्या मुलीचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. अटी आपण वाचून मान्य केल्या आहेत मॅडम, असं ती प्रत्येक प्रश्नाला म्हणाली.

*

"मग आपणही तशीच विकू," नवरा म्हणाला. "जशी आहे तशी. आपल्याला सांगितलं होतं का कुणी?"

"आणि घेणारा?"

"घेणारा बघून घेईल. आपण बघितलं का नाही? अगं, एवढं कशाला मनाला लावून घेतेस? कुणी भंगारवाला घेईल, सुटे भाग काढेल आणि मोकळा होईल."

काकूंचं लक्ष आत होतं. ठकी बाथरूममध्ये होती आणि बाथरूमचं दार सताड उघडं होतं. त्या दुपारपासून पोर कुठलंच दार लावू देत नव्हती. रात्री झोपताना खोलीचं दार, सकाळी बाथरूमचं दार, अगदी कपाटाचं दार लावलं तरी ती दचकून मागे बघायची. नवऱ्याने एकदा गमतीने कडी वाजवली तर तिने असा टाहो फोडला की त्याचाच चेहरा पांढराफटक पडला. तेव्हापासून तोही दारं उघडी ठेवून आंघोळ करत होता.

शाळा उघडायला आठवडा उरला होता. ही गाडी विकल्याशिवाय दुसरी घेता येणार नव्हती. आणि दुसरी आली नाही तर काय, याचा विचार सुरू झाला की काकू मुलांची यादी काढून पुन्हा पुन्हा मोजायच्या.

त्यांनी व्हॅन पुन्हा धुतली. या वेळी ठकीला शेजारणीकडे ठेवलं, चावी कमरेला बांधली आणि चारही दारं उघडी टाकली. फोटोसाठी गाडी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात नेली, तीही काचा खाली करून, सगळा रस्ता एक हात दाराच्या हँडलवर ठेवून. मधल्या सीटचा पट्टा अजून लोंबत होता. आत जाईना. मग त्या सीटवर गुडघे टेकून बसल्या आणि बोटांनी रेटून रेटून, वीतभर वीतभर करत त्यांनी तो आत ढकलला. मातकट भाग सगळा आत गेला, काळा तेवढा बाहेर राहिला. फोटो छान आले.

तपासणीला कंपनीचा माणूस आला. त्याने इंजिन सुरू करून बघितलं, टायरना लाथा मारल्या, फोनवर टिकटिक करत हिरव्या खुणा केल्या. "कुटुंबाचीच गाडी ना?" त्याने विचारलं. काकूंनी मान डोलावली. तो जाईपर्यंत त्या मधल्या दाराशी उभ्या होत्या, जरासुद्धा हलल्या नाहीत.

*

लिलाव संध्याकाळी होता. नवरा छापखान्यातून लवकर आला आणि हातपाय न धुताच काकूंच्या शेजारी बसला. समोर फोन. ठकी जमिनीवर चित्र काढत होती.

विकणाऱ्याला बोली लावणाऱ्यांची टोपणनावं दिसतात, हे काकूंना तेव्हाच कळलं. एक होता 'राजा चारचाकी', तो लवकरच गेला. एक 'नशीब', तोही थोडा वेळ घुटमळून गेला. मग एक नवीन नाव वर आलं आणि काकूंनी फोन हातात उचलून डोळ्यांजवळ नेला.

'रोज पोचतो.'

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"मास्तर आहेत."

"कोण मास्तर?"

"आपले मास्तर हो! गेटवरचे!"

मास्तर कुठल्याच शाळेत शिकवायला नव्हते. व्हॅनमध्ये मुलांकडून पाढे म्हणून घ्यायचे म्हणून मास्तर. त्यांच्या व्हॅनच्या मागे त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, 'हळू जातो, रोज पोचतो.' काकू या धंद्यात नव्या होत्या तेव्हा अरुंद बोळातून गाडी मागे कशी घ्यायची ते मास्तरांनीच शिकवलं होतं. शेजारी बसून नाही, मागे उभं राहून, "या, या, घाबरू नका, मी आहे ना" असं म्हणत. त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर त्यांची नात बसायची. ठकीच्याच वर्गातली. त्यांच्याही गाडीचं वय यंदा भरत होतं.

"त्यांना काय माहीत आपली आहे ते," नवरा हळूच म्हणाला. "आपलं नाव दिसत नाही त्यांना. गाडीचा नंबरही फोटोत झाकलेला असतो."

"म्हणूनच म्हणतेय ना मी! लिलाव थांबवा."

"थांबत नाही आता. बोली लागली की मागे घेता येत नाही. भरलेली अनामत बुडते आणि गाडी आपल्याच दारात. वाच की, तूच वाचून दाखवलं होतंस मला."

मास्तरांनी बोली वाढवली होती. 'नशीब' परत आला, त्याने वाढवली. मास्तरांनी आणखी.

"तुमचा फोन द्या," काकू म्हणाल्या.

"कशाला?"

"द्या म्हणतेय ना!"

नवऱ्याच्या फोनवर त्याच्या नावाचं वेगळं खातं होतं, मागच्या वेळी हौसेने उघडलेलं आणि कधीच न वापरलेलं. काकूंनी त्यावरून बोली लावली. आपल्याच गाडीवर. मास्तरांशी बोलायची गरज नाही, कुणाला काही सांगायची गरज नाही. गुपचूप त्यांच्या वर जायचं, ते थकतील, सोडून देतील, सुटतील बिचारे. आपलं काय व्हायचं ते नंतर बघू.

"वेड लागलंय का तुला?" नवरा अर्धवट उभा राहिला. "आपलीच गाडी आपणच घ्यायची? वर कंपनीचं कमिशन आपणच भरायचं?"

'नशीब' कायमचा गेला. मास्तरांनी वाढवली. काकूंनी वाढवली. मास्तरांनी पुन्हा वाढवली, या वेळी जरा जास्तच.

"सोडा हो मास्तर," काकू फोनला म्हणाल्या. "सोडा. का हट्टाला पेटलाय?"

त्यांनी आणखी वर नेली. उत्तर लगेच आलं, जणू मास्तर बोट टेकवूनच बसले होते. आणि मग काकूंचं बोट थबकलं. समोरचा सोडत नाही म्हणजे माल चोख. तिकडे मास्तर आत्ता हेच म्हणत असतील. चष्मा कपाळावर चढवून, शेजारी नातीला घेऊन. काकू जेवढं त्यांना हाकलत होत्या तेवढे ते आत ओढले जात होते.

बोलीदार दोन.

त्यांना तो फोनवरचा आवाज आठवला. नाही, तसं नाही, असं म्हणून खिडकीकडे वळलेला. त्या संध्याकाळी ती बाईसुद्धा अशीच कुठेतरी कुणाचा तरी फोन हिसकावून बसली असेल का?

"अजून एक लावलीस आणि त्यांनी सोडली तर?" नवरा कळवळून म्हणाला. "शाळा उघडायची आहे. ठकीकडे बघ जरा."

काकूंनी ठकीकडे बघितलं. ठकीने चित्रात व्हॅन काढली होती. तिला दारं काढलीच नव्हती.

काकूंनी आणखी एकदा बोट उचललं आणि खाली ठेवलं. लावली तर मास्तर वर जाणार, आपल्यापायी आणखी भरणार. नाही लावली तर गाडी त्यांचीच. दोन्हीकडून सापडल्या होत्या त्या. घड्याळाचा आकडा उतरत उतरत संपला आणि पडदा हिरवा झाला. 'अभिनंदन! तुमची गाडी विकली गेली आहे.' त्यांनी दिली होती त्यापेक्षा जास्त किंमत आली होती.

"सुटलो," नवरा म्हणाला आणि मागे टेकला. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्याने नजर खाली केली.

*

फोन काकूंनीच लावला. मास्तरांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बोला काकू! अहो, आत्ता तुमचीच आठवण काढली. गाडी घेतली आम्ही! नवी. म्हणजे जुनीच, पण नवीसारखी. फोटो बघाल तर बघत राहाल."

"मास्तर, ऐका..."

"तुम्ही ऐका आधी! समोर एक पठ्ठ्या असा पेटला होता, सोडायला तयार नाही. मी म्हटलं, चांगला ओळखून आहे गाडी. म्हणजे घ्यायलाच पाहिजे. घेतली! जरा महाग पडली, पण म्हटलं मुलांचं काम आहे, गाडी चोख पाहिजे." मागून नातीचा आवाज आला, "मीच पुढे बसणार, सांगा ना काकूंना." मास्तर हसले. "ऐकलंत? आत्तापासून जागा धरून ठेवलीय बाईसाहेबांनी."

काकूंनी ओठ ओले केले. नवरा त्यांच्याकडे बघत होता आणि हळूहळू मान हलवत होता, नको, नको. शाळा उघडली की गेटवर सगळ्यांना कळणार होतं. व्हॅनकाकूंनी बुडालेली गाडी घेतली. व्हॅनकाकूंनी बुडालेली गाडी पुसून विकली. कुठली आई आपलं पोर त्यांच्याकडे देणार होती?

"मास्तर, मी काय म्हणते, परत फिरवता येईल का तुम्हाला ती?"

"छे हो. नियम आहे ना. आणि मी कशाला फिरवतोय?"

समोर भिंत होती. भिंतीवर ठकीच्या उंचीच्या खुणा. काकू त्याकडे बघत राहिल्या आणि त्यांच्या तोंडून, त्यांनी ठरवलेलं नसताना, हळू आवाजात शब्द आले.

"खिडकी तेवढी..."

त्या थांबल्या.

"काय? खिडकीचं काय म्हणालात?"

काकूंनी तोंडावर हात दाबून धरला होता. पुढचे शब्द तयार होते, अगदी जिभेवर. थोडी उघडी ठेवत जा. हवा राहते. एवढं म्हटलं की झालं. सांगितल्यासारखंही होणार होतं आणि न सांगितल्यासारखंही.

"काकू? आहात ना?"

"आहे," काकू म्हणाल्या. "मास्तर, तुम्ही आमच्या घरी या. आत्ता."

"आत्ता? काय झालं?"

"या तुम्ही. नातीला घरी ठेवून या."

तिकडे मास्तरांनी नातीला काहीतरी सांगितलं. मग म्हणाले, "आलोच," आणि त्यांच्या आवाजातला सगळा आनंद कुणीतरी काढून घेतल्यासारखा गेला होता.

नवऱ्याने डोकं दोन्ही हातांत धरलं. काकूंनी कमरेची चावी चाचपली, ठकीच्या केसांवरून हात फिरवला आणि दार उघडंच ठेवून त्या खाली उतरल्या. व्हॅन भिंतीला खेटून उभी होती, धुतलेली, पुसलेली, फोटोतल्यासारखी. त्यांनी आधी सगळ्या काचा खाली केल्या. मग मधलं दार सरकवून पट्टा धरला आणि ओढला, आणखी ओढला, काळा संपून मातकट लागेपर्यंत, आणि तोही संपेपर्यंत.

गल्लीच्या तोंडाशी मास्तर दिसले. घाईघाईने येत होते, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. पट्टा आपोआप आत जात नव्हताच. तरी काकू तो दोन्ही हातांनी ताणून धरून उभ्या राहिल्या.